लोक डोकं गहाण ठेवून व्यवहार करतात, तरी मार्केट एफिशियंट कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुस्तकात लिहिलेलं असतं की शेअरच्या भावात उपलब्ध असलेली सगळी माहिती आधीच आलेली असते (यालाच मार्केट एफिशियंट आहे असं म्हणतात), पण आजूबाजूला बघावं तर कोणी टिप ऐकून घेतोय, कोणी घाबरून विकतोय, कोणी तोट्यातला शेअर वर्षानुवर्षं कुरवाळत बसलाय. अशा लोकांनी मिळून ठरवलेला भाव बरोबर कसा असेल? आणि नसेल बरोबर, तर हुशार माणसं त्यातून रोज पैसे का काढत नाहीत? शेवटी तुम्ही असंही विचारलंय की एका सेक्टरचे भाव तुम्हाला उघड उघड वेडेपणाचे वाटतायत, तर शॉर्ट करावं का, म्हणजे शेअर उसने आणून आत्ता विकावेत आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करावेत का. त्यावर शेवटी येतो.

माझं बरंचसं करिअर आर्बिट्राज डेस्कवर गेलं, म्हणजे एकाच गोष्टीचे दोन ठिकाणी दोन भाव दिसले की स्वस्त आहे ते घ्यायचं आणि महाग आहे ते विकायचं, हाच धंदा. नंतर लोकांचे पैसे सांभाळायचं कामही केलं. त्यामुळे माझं उत्तर हे ज्याला चुकलेले भाव सरळ करायचा पगार मिळत होता अशा माणसाचं आहे, आणि त्या खुर्चीवरून बघितलं तर तुम्ही ज्या दोन गोष्टी एकमेकांच्या विरुद्ध मांडल्यात त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतात. भाव चुकलेला असतो, आणि तरी तुम्हाला त्यातून पैसे काढता येत नाहीत.

गोंधळ होतो कारण तीन वेगळे प्रश्न आपण एकात कालवतो. माणसं शहाणपणाने वागतात का, हा एक. भाव योग्य आहे का, हा दुसरा. आणि भावावरून कोणाला सातत्याने जास्तीचा फायदा काढता येतो का, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर नाही, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. तिसऱ्याचं उत्तरही बहुतांशी नाहीच. आणि पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारता येत नाही, कारण मधे दुसरा प्रश्न आहे आणि खरी गंमत तिथेच आहे.

अर्थशास्त्रज्ञ युजिन फामाने १९७० मध्ये एफिशियंट मार्केटबद्दलचा जो प्रसिद्ध पेपर लिहिला त्यात प्रत्येक माणूस शहाणा असतो असा दावा नाहीये, हे बऱ्याच टीकाकारांना माहीतच नसतं. मूर्खपणा जर विखुरलेला असेल, म्हणजे एक जण विनाकारण खूश होऊन घेतोय आणि दुसरा विनाकारण घाबरून विकतोय, तर दोघांचे सौदे एकमेकांशीच होतात आणि भाव जागचा हलत नाही. व्हॉल्यूम, म्हणजे सौद्यांची उलाढाल, वाढते, ब्रोकरचं भलं होतं, बास.

आणि मार्केट माहिती किती पटकन गिळतं हे बघायचं असेल तर २८ जानेवारी १९८६ चा दिवस बघा. अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर जेमतेम सव्वा मिनिटात कोसळलं. त्या प्रकल्पातले चार मोठे कंत्राटदार शेअर बाजारात होते, रॉकवेल, लॉकहीड, मार्टिन मॅरिएटा आणि मॉर्टन थायोकॉल. थोड्याच वेळात थायोकॉलमध्ये विकणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की त्यातलं ट्रेडिंग काही काळ थांबवावं लागलं, आणि दिवस संपेपर्यंत तो शेअर सुमारे १२ टक्के पडलेला होता. बाकीचे तिघे तीनेक टक्क्यांवर सावरले. आता त्या दिवशी दोष कोणाचा हे जाहीरपणे कोणीच सांगितलं नव्हतं. थायोकॉलने बनवलेल्या बूस्टरच्या जोडातली रबराची रिंग थंडीत निकामी झाली हे चौकशी आयोगातल्या फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने बर्फाच्या पाण्यात रिंग बुडवून दाखवलं ते फेब्रुवारीत, आणि चौकशी आयोगाचा अहवाल आला जूनमध्ये. पुढे २००३ मध्ये दोन संशोधकांनी हे सगळं खणून काढलं, तर आतल्या लोकांनी मुद्दाम विकल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे कोणाला काय माहीत होतं देव जाणे, पण भावाला माहीत होतं. (हे उदाहरण एफिशियन्सीवाले फार अभिमानाने सांगतात, पण एका दिवसावरून सिद्धांत उभा राहत नाही हे मी त्यांनाही सांगतो.)

आता अडचण. मूर्खपणा विखुरलेला असतो हे गृहीतक डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी मोडून काढलं. त्यांचा १९७९ चा पेपर नीट वाचला तर लक्षात येतं की माणसं चुकतात ती कशीही नाही, एकाच दिशेला चुकतात. तोटा झाल्याचं दुःख तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा बरंच जास्त टोचतं, आणि हे तुम्हालाही होतं, मलाही होतं. म्हणून माणूस फायद्यातला शेअर घाईघाईने विकतो आणि तोट्यातला धरून बसतो, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकलेली असेल तर ती एकमेकांत फिटणार कशी? १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स हा अमेरिकन इंडेक्स एका दिवसात २२.६ टक्के पडला आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञाने लगेच गुंतवणूकदारांना प्रश्नावली पाठवून विचारलं की का विकलंत, तर कुठली एक बातमी त्यात निघाली नाही, बहुतेक जण भाव पडतायत हेच बघून विकत होते.

मग एफिशियन्सीची दुसरी फळी येते, ती म्हणजे माझ्यासारखी माणसं. गर्दी चुकू दे, भाव वर गेला की आम्ही विकू, खाली गेला की घेऊ, आणि भाव परत जागेवर. हे कधी कधी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं घडतं. इंडेक्सचा फ्युचर (ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने व्यवहार पुरा करायचा करार) आणि त्यातल्या शेअर्सची बास्केट यांच्यात फट पडली की आमच्या डेस्कवर काय व्हायचं, तर काहीच व्हायचं नाही, कोणी खुर्चीतून उठतही नसे, मशीन दोन्ही बाजूंच्या ऑर्डर टाकून मोकळं व्हायचं आणि उरायचं ते फक्त व्याज आणि सौद्याच्या खर्चाएवढं अंतर. तिथे हजारो लोक कितीही वेड्यासारखे वागले तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकच आहेत हे पक्कं माहीत असतं, दोन्ही सहज घेता-विकता येतात, आणि फ्युचर कधी संपणार ती तारीख ठरलेली असते, त्या दिवशी दोन्ही भाव एक होणारच.

या तीनपैकी एक जरी अट सुटली ना, की सगळं बिनसतं. मार्केट एफिशियंट आहे का या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे याच तीन अटी आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

सहज विकता येणं ही अट घ्या. मार्च २००० मध्ये थ्रीकॉम नावाच्या कंपनीने आपल्या पाम या कंपनीचे साधारण ५ टक्के शेअर बाजारात आणले आणि जाहीर केलं की उरलेले ९५ टक्के त्याच वर्षी थ्रीकॉमच्या शेअरहोल्डरांना वाटून टाकू, थ्रीकॉमच्या एका शेअरमागे पामचे साधारण दीड शेअर. पाम पहिल्या दिवशी ९५ डॉलरवर बंद झाला. आता शाळेतलं गणित आहे, थ्रीकॉमच्या एका शेअरच्या पोटातच पामचे दीड शेअर म्हणजे जवळपास १४३ डॉलर आहेत, शिवाय थ्रीकॉमचा स्वतःचा चालू धंदा आणि बँकेतली रोकड वेगळी. मग थ्रीकॉमचा भाव किमान १४३ च्या वर हवा. तो त्या दिवशी बंद झाला जवळपास ८२ वर. म्हणजे मार्केट म्हणत होतं की थ्रीकॉमच्या बाकीच्या धंद्याची किंमत शून्याच्याही खाली, शेअरमागे उणे ६० डॉलरहून जास्त. दुसऱ्या दिवशी हे पेपरात छापूनही आलं, म्हणजे कोणाला दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही, आणि तरीही फट आठवडेच्या आठवडे राहिली.

का राहिली? कारण ती मिटवायची तर पाम शॉर्ट करायला हवा, आणि शॉर्ट करायचं म्हणजे आधी कोणाकडून तरी शेअर उसना आणायला हवा. बाजारात होतेच मुळी ५ टक्के, आणि ज्यांच्याकडे होते त्यातले बरेच जण असे की शेअर उसना देणं म्हणजे काय हेही त्यांना माहीत नसावं. हा उसनवारीचा भाग पुस्तकात एका ओळीत उरकतात पण डेस्कवर अर्धा दिवस त्यातच जातो. सकाळी स्टॉक लेंडिंगच्या लोकांना फोन करायचा, अमुक शेअर मिळेल का, ते म्हणणार थोडे आहेत, फी इतकी, तुम्ही हिशोब करता तर फीमध्येच निम्मा फायदा गेलेला असतो. तरी घेतलेत समजा. ज्याने शेअर दिलाय तो कधीही परत मागू शकतो. आणि तो मागतो कधी, तर भाव भडकलेला असताना, कारण त्याला स्वतःला तेव्हाच विकायचा असतो. दुसरीकडून उसना मिळाला तर ठीक, नाहीतर मार्केटमधून त्या भडकलेल्या भावाला घेऊन परत करा. असा फोन आला की डेस्कवर कोणी आरडाओरडा करत नाही, फक्त ट्रेडर स्क्रीनकडे बघत गप्प बसतो. त्याचं विश्लेषण बरोबर असतं, शेअर महागच असतो, आणि तरी तोटा त्याच्या नावावर पडतो.

दुसरी अट, तारीख. रॉयल डच आणि शेल या दोन कंपन्यांनी १९०७ पासून आपला नफा ६०:४० वाटून घ्यायचं ठरवलेलं होतं. म्हणजे दोघींच्या मार्केट कॅपचं, म्हणजे सगळ्या शेअर्सच्या एकूण बाजारभावाचं, प्रमाणही ६०:४० हवं, यात मतभेदाला जागाच नाही. पण प्रत्यक्षात दशकानुदशकं ते वरखाली होत राहिलं. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाने, ज्याच्या भागीदारांत दोन नोबेलवाले होते, रॉयल डच सुमारे ८ ते १० टक्के महाग आहे हे बघून १९९७ मध्ये २३० कोटी डॉलरची पोझिशन घेतली, अर्धी शेल खरेदी, अर्धी रॉयल डच शॉर्ट. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्ज बुडवलं. या दोन तेल कंपन्यांचा त्याच्याशी तसा काय संबंध, पण फंडाचे बाकीचे सौदे तोट्यात गेले आणि पैसे उभे करायला हीसुद्धा पोझिशन सोडावी लागली, तोपर्यंत अंतर ८-१० वरून २० च्या पुढे गेलेलं होतं. सप्टेंबरमध्ये १४ संस्थांना मिळून ३६० कोटी डॉलर घालावे लागले. आणि दोन्ही कंपन्या एक झाल्या २००५ मध्ये. सात वर्षं थांबला असतात तर गणित बरोबर होतं!

याच्या एकच वर्ष आधी, १९९७ मध्ये, आंद्रे श्लायफर आणि रॉबर्ट विशनी या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच लिहून ठेवलेलं होतं, की आर्बिट्राज करणारा स्वतःच्या पैशाने करत नाही, दुसऱ्याच्या पैशाने करतो, आणि भाव आणखी चुकला की तो दुसरा घाबरून पैसे काढून घेतो. म्हणजे संधी जेव्हा सगळ्यात मोठी असते तेव्हाच हातात भांडवल नसतं. मी पैसे सांभाळायला लागलो तेव्हा हे रोज बघितलं. क्लायंटला तुम्ही आधी कितीही समजावून सांगा की हा सौदा अंगावर येऊ शकतो, धीर धरा, तो मान डोलावतो, आणि दोन वाईट तिमाही लागोपाठ आल्या की त्याचा मेल येतो. त्याचंही पूर्ण चुकतं असं नाही बरं का, कारण माझा सौदा चांगला होता पण नशीब वाईट होतं की मी बिनडोक आहे, हे त्याला बाहेरून कसं कळणार.

इथपर्यंतचं सांगायचं तर, माणसांच्या चुका एकाच दिशेच्या असतात त्यामुळे भाव चुकतात, आणि ते दुरुस्त होतात का हे दुरुस्त करणाऱ्याला किती खर्च येतो, किती वेळ लागतो आणि त्याच्यामागे कोणाचा पैसा आहे यावर अवलंबून असतं. माहिती असणं पुरेसं नाही.

तिसरी अट म्हणजे खरी किंमत मुळात माहीत असणं, आणि ती बहुतेक वेळा नसतेच. पाम आणि रॉयल डच ही उदाहरणं आपण सांगतो कारण तिथे बरोबर भाव कागदावर मांडता येतो. साध्या एखाद्या शेअरचं काय? पुढच्या वीस वर्षांचा नफा आणि त्यावर लोक मागणार असलेला परतावा, दोन्ही अंदाजच. फामाने हे स्वतःच कबूल केलेलं आहे, की भाव चुकला असं म्हणायला आधी बरोबर भाव कसा ठरतो याचं मॉडेल लागतं, आणि उत्तर जुळलं नाही तर मार्केट चुकलं की तुमचं मॉडेल चुकलं हे वेगळं काढता येत नाही. शिलरने १९८१ मध्ये दाखवलं की शेअरचे भाव जितके उड्या मारतात तितके नंतरचे डिव्हिडंड (कंपनीने वाटलेला लाभांश) मारत नाहीत. फामाच्या बाजूचे म्हणतात की लोकांची जोखमीची तयारी काळानुसार बदलते म्हणून तसं दिसतं. २०१३ मध्ये दोघांना एकाच वर्षी नोबेल दिलं, लार्स हान्सेनसोबत, आणि त्यावर खूप विनोद झाले, पण मला त्यात फार विसंगती वाटत नाही. उद्या भाव कुठे जाईल सांगता येत नाही हे फामाचं काम, आणि पाच-दहा वर्षांच्या पल्ल्यावर भाव ताणलेला असला की पुढचा परतावा कमी यायची शक्यता वाढते हे शिलरचं. दोन वेगळे पल्ले आहेत. माझा अनुभव शिलरच्या बाजूला थोडा जास्त झुकतो, पण त्यावर ट्रेड करायला सांगाल तर मी फामासारखा वागेन.

म्हणून किती एफिशियंट हे जागेवर आणि पल्ल्यावर अवलंबून आहे. मोठा, रोज प्रचंड उलाढाल होणारा शेअर आणि आजची बातमी, इथे तुम्हाला काही मिळणार नाही. लहान, कोणी विश्लेषण न करणारा, शॉर्ट करता न येणारा शेअर, तिथे भाव बराच काळ भरकटू शकतो, पण तिथे तुम्ही स्वतः थोडे जास्त शेअर घ्यायला गेलात की तुमच्याच ऑर्डरने भाव पळतो. नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमनने १९९३ मध्ये मोमेंटम दाखवला, म्हणजे मागचे काही महिने वर गेलेले शेअर पुढेही काही काळ वर जातात, ते आजही बऱ्याच ठिकाणी दिसतं, आणि २००९ मध्ये त्याच स्ट्रॅटेजीने लोकांना जोरदार आपटलं. असे पॅटर्न छापून आले की झिजतातही. २०१६ च्या एका अभ्यासात असे ९७ पॅटर्न तपासले होते, तर पेपर छापून आल्यानंतर त्यांचा परतावा सरासरी ५८ टक्क्यांनी कमी झालेला निघाला. उरलेल्यातून तुमचा खर्च वजा करा.

आणि वैयक्तिक गुंतवणूकदाराचं काय होतं ते बार्बर आणि ओडीन या संशोधकांनी एका डिस्काउंट ब्रोकरकडच्या (कमी दलालीत सौदे करून देणारा) ६६,४६५ कुटुंबांच्या खात्यांवरून काढलंय, १९९१ ते ९६ या काळातलं. सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, मार्केटला १७.९. माणसं अतार्किक आहेत याचा हा ढळढळीत पुरावा आहे, आणि मार्केटला हरवणं किती अवघड आहे याचाही हाच.

मग व्यावसायिकांना पगार कशाचा, असं तुम्ही विचाराल. ग्रॉसमन आणि स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये याचं उत्तर दिलेलं आहे, भाव जर पूर्णपणे बरोबर असते तर माहिती शोधायला कोणी पैसे खर्च केले नसते, आणि कोणीच खर्च केले नाहीत तर भाव बरोबर राहणार कसे. म्हणजे थोडी चूक कायम शिल्लक राहावीच लागते, साधारण ती शोधण्याच्या मजुरीएवढी. २००८ च्या पडझडीनंतर मोठमोठ्या संस्थांनी डेस्क आखडते घेतले तेव्हा जे स्प्रेड, म्हणजे दोन भावांमधली अंतरं, एरवी चिमूटभर असतात ते आ वासून उघडे पडले होते, बाँड आणि त्याच बाँडचा विमा यांच्यातलासुद्धा, आणि ज्याच्याकडे रोकड होती त्याने कमावलं. पैसा परत आला तशा फटी बुजल्या. माणसांचा स्वभाव मधल्या काळात काही बदलला नव्हता, भांडवल गेलं आणि आलं एवढंच.

आता तुमचं शॉर्ट. तुमचं म्हणणं बरोबर असेल, तो सेक्टर खरंच वेडा महाग असेल, मी त्यावर वाद घालत नाही. पण वरच्या तीन अटी लावून बघा. खरी किंमत पक्की माहीत आहे? नाही, अंदाज आहे. भाव खाली यायची तारीख ठरलेली आहे? नाही. आणि खरेदी केलेला शेअर पडत गेला तर तुमच्या पोर्टफोलिओतला त्याचा वाटा आपोआप लहान होतो, शॉर्ट उलटला तर तो वाटा मोठा होत जातो आणि मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायचं तारण, भरायचा फोन येतो. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप ही अमेरिकन कंपनी शॉर्ट करणारे बुडाले ते कंपनीच्या धंद्याबद्दल चुकले म्हणून नाही, बाजारात मोकळे असलेल्या शेअरपेक्षाही जास्त शेअर शॉर्ट झालेले होते आणि सगळ्यांना एकाच दाराने बाहेर पडायचं होतं. ते पूर्ण वेळ हेच काम करणारे होते, त्यांना शेअर उसने आणून द्यायला माणसं होती, रिस्क बघायला वेगळी माणसं होती.

मी तुमच्या जागी असतो तर शॉर्ट केलं नसतं. तो सेक्टर नुसता घ्यायचा नाही, हासुद्धा त्याच मतावर घेतलेला सौदाच आहे आणि त्याला मार्जिन लागत नाही. इंडेक्स फंडातून थोडा तुमच्याकडे आलेला असेल तर येऊ द्या. आणि हात फारच शिवशिवत असतील तर भाव पडला तर फायदा देणारा ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकायचा हक्क, विकत घ्या, ऑप्शन विकू नका, म्हणजे जास्तीत जास्त त्या हक्काची किंमत, म्हणजे प्रीमियम, तेवढी जाईल. फक्त अशा वेळी प्रीमियमही महाग झालेला असतो हे आधी बघून घ्या, तुम्हाला जे दिसतंय ते ऑप्शन विकणाऱ्यालाही दिसत असतं.